आमचा डे एंड कधी? रीजनल आणि झोनल ऑफिसातल्या साहेबांना एक खुलं पत्र

सर्व साहेब आणि मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आज सकाळी सिस्टीमने माझा अंगठा घेतला नाही. आमच्याकडे लॉगिनला पासवर्डबरोबर बोट लागतं, तर साडेनऊला बसले, अंगठा ठेवला, लाल. पुसून ठेवला, लाल. दुसरं बोट, तेही लाल. मग सगळे करतात तसं केसांच्या मुळाशी अंगठा घासला, जरा तेलकट करून परत ठेवला तेव्हा कुठे हिरवं झालं. हे आता आठवड्यातनं दोन-तीनदा होतं. समोर केवायसीसाठी एक बाई उभ्या होत्या, द्राक्षाच्या बागेत विरळणीला आणि डिपिंगला जाणाऱ्या, वय साधारण माझ्याएवढंच, त्यांचंही बोट मशीन घेत नव्हतं. माझी खटपट बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमचाबी झिजला व्हय?"

मी हो म्हणाले. आणि मग दिवसभर तो शब्द डोक्यातनं गेला नाही, म्हणून रात्री हे लिहायला बसले, आमचा कामाचा दिवस संपतच नाही आणि त्यात तब्येती कशा झिजतात त्याबद्दल.

मी सांगली जिल्ह्यात एका राष्ट्रीयकृत बँकेच्या शाखेत ऑफिसर आहे. वय ५२, नोकरीला २९ वर्षं झाली. बँकेचं नाव लिहीत नाही, स्वतःचंही लिहीत नाही, एक तर नोकरीच्या नियमात बसत नाही आणि दुसरं म्हणजे हे कुठल्या एका बँकेचं किंवा एका साहेबाचं गाऱ्हाणं नाहीच. माझ्याबरोबर लागलेल्या आठ-दहा मैत्रिणी वेगवेगळ्या बँकांत आहेत, कुणी कोल्हापूरला, कुणी लातूरला, एक तर पार गुवाहाटीला, आणि फोन केला की प्रत्येकीचं तेच असतं, आधी गोळ्यांची नावं आणि मग टार्गेटची.

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाही. उलट आमच्या पिढीने बँकेत जेवढी यंत्रं बदलताना पाहिली तेवढी कुणीच पाहिली नसतील. १९९६ ला बीएसआरबीची, म्हणजे बँकांच्या भरती मंडळाची परीक्षा देऊन क्लार्क-कम-कॅशियर म्हणून लागले तेव्हा अर्धी खाती जाडजूड लेजरमध्ये होती आणि अर्धी एएलपीएम नावाच्या, खात्यांच्या नोंदी करणाऱ्या मशीनवर. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला होता त्यातनं ती मशीनं शाखाशाखांत आली होती, आणि आमच्या शाखेतले जुने लोक त्यांच्याकडे संशयानेच बघायचे. मला ती आवडली. मी लवकर शिकले. लेजरमधली उभी बेरीज करताना डोळे दुखायचे ते थांबलं, आणि नोटा मोजायचं मशीन आलं त्या दिवशी तर आम्ही कॅश विभागात पेढे वाटले होते. तोपर्यंत नोटांच्या गड्ड्यांना स्टेपलच्या पिना असायच्या, त्या उचकटताना नखाखाली घुसायच्या, २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पिना मारणं बंद करायला सांगितलं आणि बोटं वाचली. माझ्या उजव्या तर्जनीवर त्या काळातला एक बारीक व्रण अजून आहे. त्यामुळे "जुनं ते सोनं" असलं काही मी म्हणत नाहीये.

पण त्या लेजरच्या दिवसांत एक गोष्ट होती. संध्याकाळी डे बुक, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची वही, टॅली करायचं असायचं. कधीकधी फरक यायचा, मग सगळे मिळून शोधायचे. फरकाला नऊने भाग गेला की हेडक्लार्क म्हणायचे, बघा कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत. रात्रीचे नऊ वाजलेत, एका फरकासाठी आम्ही सात जण व्हाउचरच्या चळती उपसतोय असंही झालंय, आणि मार्च एंडिंगला तर बारा वाजायचे. कष्ट कमी नव्हतेच. पण टॅली झालं की झालं. व्हाउचर बांधली, लेजर कपाटात गेली, कॅश सेफमध्ये, दोन चाव्या दोघांकडे, शटर खाली. घरी आलं की बँक मागोमाग येऊ शकत नव्हती कारण बँक त्या लेजरमध्ये होती आणि लेजर कुलपात होतं. दिवस संपलाय हे डोक्याला नाही, अंगाला कळायचं. एसटीत बसलं की मान खाली जायची.

मग सीबीएस, म्हणजे कोअर बँकिंग आलं, सगळ्या शाखा एका धाग्यात आल्या, गिऱ्हाईक शाखेचं न राहता बँकेचं झालं. फार मोठी सोय झाली. डे एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, हा शब्द मात्र राहिला. सुरुवातीला तो आम्हीच करायचो, आता डेटा सेंटरला होतो, आणि त्याच डे एंडला सिस्टीम आपोआप ठरवते की कुठलं कर्ज थकलं. हप्ता थकून ३० दिवसांपर्यंत एसएमए (धोक्याचा इशारा दिलेलं खातं) शून्य, ६० पर्यंत एक, ९० पर्यंत दोन, आणि त्यापुढे गेलं की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्टच केलं की हे डे एंडलाच व्हायला पाहिजे. नियम म्हणून मला तो पटतो, त्याआधी काय काय झाकलं जायचं ते आम्ही बघितलंय. पण शाखेत त्याचा अर्थ असा झाला की महिनाअखेरीला संध्याकाळी सात ते अकरा आम्ही फोनवर असतो, डे एंडच्या आत चार हजार भरा हो, पाच हजार तरी टाका हो, मुलाला गुगल पे करायला सांगा. समोरचा बेदाण्याचा भाव पडलेला बागायतदार, तोही दमलेला, त्यालाही शुगर आहे हे मला माहीत आहे कारण त्याने मला औषधाचं बिल दाखवलेलं असतं. सिस्टीमचा डे एंड होतो. आम्हा दोघांचा होत नाही.

आता तब्येतीचं सांगते, आणि सविस्तर सांगते, कारण तुमच्या एकाही व्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये, हा विषय मी ऐकलेला नाही.

चाळिशी मला वेळेवर लागली, चाळिसाव्या वर्षी. त्याचं काही नाही, सगळ्यांनाच लागते. नोव्हेंबर २०१६ ला मी ४३ ची होते. ८ तारखेला रात्री नोटबंदीची घोषणा झाली, ९ ला बँका बंद, १० पासून आम्ही उभे. शनिवार-रविवारसुद्धा. आधी चार हजारांपर्यंत बदलून द्यायचे, मग साडेचार हजार, मग दोन हजार, रोज नवीन सर्क्युलर, बोटाला शाई लावायची, आणि दाराबाहेर रांग पार एसटी स्टँडपर्यंत. मशीन तापून बंद पडायचं म्हणून आम्ही हातानेच मोजायचो. नोटा बदलून देणं २४ नोव्हेंबरला थांबलं, जुन्या नोटांचा भरणा ३० डिसेंबरपर्यंत चालला आणि जानेवारीत माझा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. वेणी घालता येईना, ब्लाउजचा हूक लावता येईना, मुलगी लावून द्यायची. फ्रोझन शोल्डर. डॉक्टर म्हणाले चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना होतोच आणि शुगर असेल तर जास्त होतो, तपासून घ्या. तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं. ६.५ किंवा त्यापुढे डायबेटिस, ५.७ ते ६.४ मधलं बॉर्डर. म्हणजे खांद्याने येऊन मला शुगरची बातमी दिली. त्या दीड महिन्याचा मला आजही अभिमान आहे, आमच्या शाखेत एकाही माणसाशी कुणी उद्धट बोललं नाही. पण त्यानंतर एकाही रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलं नाही की तुमच्या लोकांपैकी किती जणांचे खांदे गेले, किती जणांचं बीपी वाढलं. विचारायला पाहिजे होतं. फॉर्म भरून घ्यायला तुम्ही बाकी कशाचे भरून घेत नाही?

मग पाळी जायचा काळ आला. याबद्दल खुल्या पत्रात लिहावं का असा विचार मी बराच वेळ केला, आणि ठरवलं की लिहायचं, कारण बँकांत आता बायका खूप आहेत आणि आमच्यातल्या बऱ्याच जणी ४५ ते ५५ च्या मध्ये आहेत. कॅश केबिन माहितीये ना कशी असते? तिन्ही बाजूंनी बंद, समोर काच, आत नोटांची धूळ, पंखा मोठा केला की नोटा उडतात म्हणून पंखा एकवर. त्यात छातीपासून कानापर्यंत गरम वाफ येते, घामाने पदर भिजतो, समोर गिऱ्हाईक उभं, हातात दोन लाखांची कॅश अर्धी मोजलेली, उठता येत नाही. मोजताना आकडा विसरायला होतं. एकदा ५०० च्या दोन नोटा जास्त गेल्या, खिशातनं भरल्या. पैशाचं काही नाही. पण २० वर्षांत कॅशला एक रुपयाचा फरक न आलेली मी, त्या दिवशी घरी येऊन रडले, कारण मला वाटलं डोकंच चालेनासं झालं माझं. तसं काही नव्हतं. रात्रीची झोप होत नव्हती एवढंच. पण हे मला सांगणारं कुणी नव्हतं, आणि शाखेत सांगायचं तर मॅनेजर माझ्या मुलापेक्षा चार वर्षांनी मोठा.

तो मॅनेजर चांगला मुलगा आहे हेही लिहिते. ३२ वर्षांचा आणि त्याला आत्ताच बीपीची गोळी आहे.

झोप का होत नव्हती? थोडी वयाने, थोडी वाफांनी, आणि बाकी सगळी त्या ग्रुपांनी. माझ्या फोनवर नोकरीचे ११ व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. रिकव्हरीचा, कासाचा (बचत आणि चालू खात्यांचा), विम्याचा, अटल पेन्शनचा, डिजिटलचा, केसीसी (किसान क्रेडिट कार्ड) रिन्यूअलचा, महिला ऑफिसर्सचा, आणि तीन असे की कशाचे आहेत ते आता कुणाला आठवतही नाही. रात्री साडेनऊ-दहाला एक्सेलचा फोटो येतो. ज्या शाखेने त्या दिवशी काही केलं नाही ती लाल रंगात, आणि खाली लिहिलेलं असतं "झीरो ब्रँचेस टू एक्सप्लेन". मग एकेक शाखा लिहायला लागते, नोटेड सर, नोटेड सर, विल डू टुमॉरो सर. कुणी लिहिलं नाही तर तेही दिसतं. मुलीने हौसेने मला ते घड्याळ घेऊन दिलं होतं, पावलं मोजणारं, झोप मोजणारं, तर पहिल्या आठवड्यात ते ग्रुप मनगटावरच थरथरायला लागले. म्हणजे आधी बँक लेजरमध्ये होती, मग स्क्रीनवर आली, मग खिशात आली आणि आता कातडीवर. मी त्यातली नोटिफिकेशन बंद करून घेतली, पण थरथर झाल्यासारखं वाटतं ते आजही वाटतं. घड्याळ रात्रीची झोप सांगतं ४ तास ५० मिनिटं.

मागच्या फेब्रुवारीतली एक सकाळ सांगते. पहाटेपासून डोकं ठणकत होतं, मानेमागे दाबल्यासारखं. घरच्या मशीनवर बीपी बघितलं, १७८/१०८. परत बघितलं, तेवढंच. मिस्टर म्हणाले आधी दवाखान्यात. मी म्हणाले आधी शाखेत, कारण सेफची एक चावी माझ्या पर्समध्ये. जॉइंट कस्टडी म्हणजे दोघांच्या दोन चाव्या लागल्याशिवाय सेफ उघडत नाही, आणि चावी कुणाच्या हातून पाठवता येत नाही, समोरासमोर रजिस्टरला सही करून द्यावी लागते. पगाराचा आठवडा होता, मळ्यातनं लोक पैसे काढायला आलेले. मग ह्यांनी गाडी काढली, २६ किलोमीटर, मी डोळे मिटून. शाखेत गेले, चावी लावली, कॅश बाहेर काढली, रजिस्टरला सही केली, चावी सुपूर्द केली, आणि तिथनं दवाखान्यात. ईसीजी बरा आला, नशीब. डॉक्टरांनी विचारलं एवढं असताना दोन तास काय केलंत? मी म्हणाले सेफ उघडली. ते गप्पच बसले.

तेव्हा मला माझं काही चुकलं असं वाटलं नव्हतं. आता वाटतं. आणि शाखेत तिसरा ऑफिसर नाही, चावी घ्यायला माणूस नाही, ही माझी चूक नव्हती हेही आता कळतंय.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, मला ती दहा दिवसांची सक्तीची रजा आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम आहे की संवेदनशील जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातनं एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस आधी न कळवता रजेवर पाठवायचं, आणि त्या काळात त्यांना बँकेच्या कामाचा प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन कसलाही ॲक्सेस द्यायचा नाही, कर्मचाऱ्यांचा सर्वसाधारण ईमेल सोडून. हेतू तब्येतीचा नाही, घोटाळे पकडण्याचा आहे, माणूस जागेवरनं हलला की त्याने काही लपवलं असेल तर उघडं पडतं. आमच्या बँकेच्या यादीत माझी पोस्ट बसते. सकाळी फोन आला, उद्यापासून येऊ नका, आयडी बंद केलाय. पहिल्यांदा वाईट वाटलं, चोर असल्यासारखं.

फेब्रुवारीपासून मी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवते. वहीसुद्धा जुन्या सवयीने डे बुकसारखी आखलीय, तारीख, वेळ, वरचा, खालचा, शेरा. त्या वहीतलंच सांगते. रजेच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळचे आकडे १५६/९६, १५८/९८, १५२/९४. रजेच्या तिसऱ्या दिवशी १४४/९०. सहाव्या दिवशी १३४/८६. दहाव्या दिवशी १३०/८२. गोळी तीच, जेवण तेच, मीठही तेवढंच, फक्त आयडी बंद होता आणि मिस्टरांनी ग्रुप सगळे अर्काइव्ह करून टाकले होते. हजर झाले त्या संध्याकाळी सात वाजता व्हीसी होती, रात्रीचा आकडा १५०/९४. एका बाईच्या वहीतले आकडे आहेत, यावरनं काही सिद्ध होत नाही असं कुणी म्हणेल, मान्य. मग मोठे आकडे घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ या दोघांनी मिळून २०२१ साली मांडलं की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. मी माझे तास मोजले. साडेनऊ ते साडेसात रोज, चालू शनिवार धरून, वर रात्रीचे फोन. ५५ आरामात होतात.

ती रजा चोर पकडायला काढली आणि तिने माझी तब्येत धरून दिली. म्हणून मला तुम्हाला विचारायचंय, दहा दिवस एका माणसाशिवाय शाखा चालते आणि बँक बुडत नाही हे तुम्हालाच नियमाने सिद्ध करावं लागतं, तर रात्रीचे बारा तास आमच्याशिवाय का चालत नाही?

आता कुणी म्हणेल टार्गेट नको, काम नको, असं म्हणणारी ही बाई. तसं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाखेत विम्याचं कॅम्पेन होतं, ४३६ रुपयांचा जीवनज्योती. मी पाठीमागे लागून लागून एका बागेतल्या मजुराचा फॉर्म भरून घेतला, तो नको म्हणत होता, ४३६ म्हणजे त्याची दिवसभराची मजुरी. आठ महिन्यांनी तो वारला. त्याच्या बायकोच्या खात्यात दोन लाख आले तेव्हा ती पासबुक घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि काही न बोलता बराच वेळ उभी राहिली. ते टार्गेट नसतं तर मी कदाचित त्याच्या मागे लागले नसते. हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण तो फॉर्म मी सकाळी अकराला, त्याच्या तोंडाकडे बघून, त्याला समजावून भरला होता. रात्री दहाच्या लाल रंगाला घाबरून जे फॉर्म भरले जातात ते कसे भरले जातात आणि त्यातले किती पुढच्या वर्षी बंद होतात ते तुम्हालाही माहीत आहे.

आणि तोंडाकडे बघणं म्हणजे काय ते सांगते. याच दिवाळीच्या आधी एक निवृत्त शिक्षक आले, १४ लाखांची एफडी मोडायची म्हणाले. नेहमी बोलणारा माणूस, त्या दिवशी एक शब्द नाही. शर्टाच्या खिशात मोबाइल उभा, स्क्रीन चालू. कपाळाला घाम. मी विचारलं सर कशाला लागतायत, तर म्हणाले जमीन घ्यायचीय, आणि म्हणताना खिशाकडे बघितलं. मी फॉर्म पुढे सरकवला आणि त्यावर पेन्सिलने लिहिलं, "फोनवर कुणी पोलीस आहे का?" त्यांनी मान हलवली. डिजिटल अरेस्ट. खोट्या पोलिसांनी दोन दिवस त्यांना घरात बसवून ठेवलं होतं व्हिडिओ कॉलवर, मुलाचं नाव गुन्ह्यात आलंय म्हणून. फोन काढून घेतला, बंद केला, पाणी दिलं, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून दिला. १४ लाख वाचले. सिस्टीममध्ये यासाठी कुठलाही कॉलम नाही आणि नसू दे, पण त्याच दिवशी मी जर आदल्या रात्री चार तास झोपलेली असते, आणि समोर "आज १० पेन्शन खाती झालीच पाहिजेत"चा मेसेज उघडा असता, तर मी मान वर केली असती का? आदल्या दिवशी रविवार होता, झोप झाली होती, म्हणून केली. मला त्या "जर"ची भीती वाटते.

डोळ्यांचे डॉक्टर सांगतात दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा, स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे कोरडे पडतात. माझ्या जागेवरनं २० फुटांवर बाकावर बसलेले लोक दिसतात. डोळ्यांसाठी आणि बँकेसाठी, दोन्हीसाठी तिकडे बघणं चांगलं. पण त्यासाठी २० सेकंद मिळायला पाहिजेत.

फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात घेतलंय की कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहायचा कर्मचाऱ्याला हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक आणलं होतं, कायदा झाला नाही. पाच दिवसांच्या आठवड्याचं तर २०२४ च्या मार्चमध्ये संघटना आणि आयबीए (बँकांची असोसिएशन) यांच्यात ठरलं, तेव्हापासून आम्ही सरकारच्या मंजुरीकडे डोळे लावून आहोत. २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला, तोही कधी लॉगिन डे म्हणून, कधी कॅम्प म्हणून जातो. हे सगळं दिल्ली-मुंबईत ठरायचं तेव्हा ठरेल. पण मी जे मागतेय त्याला ना कायदा लागतो ना करार, ते तुमच्या हातातल्या फोनवर आहे.

रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकू नका. तयार असेल तर सकाळी साडेनऊला टाका, आकडा रात्रीत शिळा होत नाही. खरंच आग लागली, एटीएम फोडलं, तर फोन करा, आम्ही येतो, २९ वर्षं येतोय. व्हीसी पाचच्या आत घ्या. लाल रंगाने शाखांची नावं सगळ्यांसमोर लावणं थांबवा, ज्याला विचारायचं त्याला एकट्याला विचारा. जिथे जॉइंट कस्टडीला दोनच माणसं आहेत तिथे तिसरं माणूस तयार ठेवा, म्हणजे कुणाला १७८ बीपी घेऊन सेफ उघडायला यावं लागणार नाही. चाळिशीनंतर जी आरोग्य तपासणी बँक करून देते तिचे रिपोर्ट कपाटात जाऊ देऊ नका, नावं काढा, फक्त बीपी आणि शुगरचे आकडे रीजनप्रमाणे मांडा आणि एकदा त्या एक्सेलमध्येही बघा कुठली शाखा लाल आहे. कॅश केबिनमध्ये बसणाऱ्या बाईला विचारून पंखा लावा, आणि तिला मधे दहा मिनिटं उठता येईल अशी सोय करा. आणि तुम्ही स्वतः, साहेब, तुम्हीही ५० च्या आसपासच आहात ना, तुमच्यावरही वरनं तसेच मेसेज येत असणार, रात्री दहाला फोटो टाकणारा माणूसही रात्री दहाला जागाच असतो. तुमचं बीपी किती आहे? खरंच विचारतेय. एकदा सकाळ-संध्याकाळ पंधरा दिवस लिहून बघा.

मला अजून आठ वर्षं नोकरी आहे आणि मला ती करायची आहे. मला ते बाकावरचे लोक आवडतात, मला ताळा जुळवायला आवडतो, आणि नवीन येणारं सॉफ्टवेअर मी अजूनही शाखेत सगळ्यात आधी शिकते.

त्या बाईंची केवायसी शेवटी झाली. त्यांना बाहेरच्या नळावर हात धुवून यायला सांगितलं, माझ्या ड्रॉवरमधली व्हॅसलीनची डबी दिली, पाचव्या खेपेला करंगळीवर हिरवं झालं. डबी मी त्यांनाच देऊन टाकली, उद्या येताना माझ्यासाठी नवीन घेईन.

आता पावणेनऊ वाजलेत. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलाय आणि आजपासून आठनंतर तो तिथेच असेल. तातडीचं काही असेल तर कॉल करा, रिंग ऐकू येते, मी उचलेन. मेसेज मी सकाळी साडेनऊला बघेन, अंगठा घेतला की लगेच.

आपली,
सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेतली ऑफिसर